स्थानिक आकाशवाणी आणि राष्ट्रीय सण : मराठवाड्याच्या संदर्भात

प्रसार भारती अधिनियम, १९९० ने आकाशवाणीवर लोकसेवा प्रसारणाचे दायित्व सोपविले. स्थानिक केंद्रांपुरती त्याची कसोटी राष्ट्रीय सणांच्या दिवशी लागते. ध्वजवंदनाचा वृत्तान्त, देशभक्तिपर गीते आणि मान्यवरांची मुलाखत हा स्वातंत्र्यदिनाच्या प्रसारणाचा रूढ साचा होय. मराठवाड्यात तो अपुरा ठरतो.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिरंगा फडकविणे तेथे गुन्हा ठरे. स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. मुक्ती मिळाली ती १७ सप्टेंबर १९४८ रोजी, म्हणजे तेरा महिन्यांनी. म्हणूनच ‘आपल्या गावात स्वातंत्र्य केव्हा आले?’ असा प्रश्न बीड, नांदेड वा परभणीच्या वृद्ध श्रोत्याला विचारला, तर मुलाखत औपचारिक राहत नाही. रझाकारांची दहशत, घरदार सोडून गाठलेली सरहद्द, पोलीस कारवाईनंतर मुस्लीम वस्त्यांनी सोसलेली हिंसा या आठवणी एकाच गावात शेजारी नांदतात. भाषण त्या झाकते. संवाद त्यांना एकमेकींसमोर आणतो.

त्या काळाचे साक्षीदार आता विरळ झाले आहेत. अशा मुलाखती घेणे व ध्वनिमुद्रणे जतन करणे ही उत्सवाची पुरवणी नव्हे. स्थानिक केंद्राच्या अस्तित्वाचे ते प्रयोजनच आहे.