मामाचा नाना होतो तेव्हा : शब्दभ्रम, पवर्ग आणि मुलांचे कान

काही वर्षांपूर्वी या विषयाच्या नादी लागलो, तेव्हा आरशासमोर महिनाभर सराव करून मी पहिला प्रयोग केला तो पाच वर्षांच्या भाचीपुढे. बाहुला म्हणजे एक राखाडी पायमोजा आणि त्यावर डोळे म्हणून शिवलेली दोन बटणे. मोज्याने मला 'मामा' अशी हाक मारायची होती. 'म' म्हणायचा तर ओठ मिटावे लागतात. ते मिटायचे नाहीत म्हणून या कलेतल्या रिवाजाप्रमाणे मी 'म'च्या जागी 'न' घातला आणि हाक आली ती 'नाना' अशी. भाची क्षणभर थांबली आणि मला नव्हे, मोज्याला म्हणाली, "हा नाना नाहीये, मामा आहे." मग माझ्याकडे वळून, "तुझे ओठ हलतायत." मी ओशाळून हात खाली घेतला, तर ती म्हणाली, "हलू देत. त्याला बोलू दे ना."

शब्दभ्रमाबद्दल पुढे जे काही वाचले, पाहिले, त्यातले बरेचसे मला या प्रसंगाच्या तुलनेत कमी वाटले. आपल्याकडे ही कला जोखण्याची रीत एकच : ओठ हलले की नाही? प्रयोगानंतर मोठी माणसे हेच बोलतात. शब्दभ्रमकारही मुलाखतीत बहुधा याच प्रश्नाला उत्तर देत असतो. हा निकष मुलांचा नाही आणि तो लावल्यामुळे मुलांसाठीच्या प्रयोगांची समीक्षाच झालेली नाही, असे माझे मत आहे.

आधी शब्दाविषयी. इंग्रजी 'व्हेंट्रिलोक्विझम' लॅटिनमधून आला. 'पोट' आणि 'बोलणे' हे त्याचे दोन घटक. पोटात शिरलेले भूत बोलते, या जुन्या समजुतीची ती खूण. मराठीत रुळलेला 'शब्दभ्रम' त्या मानाने पुष्कळ शहाणा, कारण तो बोलणाऱ्याचे पोट सोडून ऐकणाऱ्याच्या मनाकडे येतो. तरी तोही थोडा फसवतो. भ्रम शब्दाचा नसतो, ठिकाणाचा असतो. आवाज 'फेकला' जात नाही. तो त्याच गळ्यातून, त्याच जागेवरून येतो. चित्रपटगृहात कर्णा एकीकडे असतो आणि पडद्यावरचा नट दुसरीकडे, पण संवाद नटाच्या तोंडून आल्यासारखा वाटतो. डोळा कानाला ओढून नेतो तसाच हा प्रकार. शब्दभ्रमकाराकडे कर्णा नाही आणि पडदाही नाही, म्हणून त्याला स्वतःचे तोंड स्थिर ठेवावे लागते, इतकेच.

स्थिर ठेवण्यातली खरी अडचण पाहायला आपली वर्णमाला फार सोयीची आहे. मी भाषाशास्त्र रीतसर शिकलेलो नाही, पण शाळेच्या उजळणीत जे आहे तेवढ्यावर हे कळते. कंठापासून ओठांपर्यंत वर्णांच्या ओळी लावलेल्या आहेत. पहिल्या चार ओळी, म्हणजे क, च, ट, त यांचे वर्ग, किंचित उघड्या, न हलणाऱ्या ओठांमागे बिनघोर म्हणता येतात. पाचवी ओळ आली की घात होतो : प, फ, ब, भ, म. उ आणि ओ यांना ओठ गोल होतात, पण ते ढिले ठेवून निभावते. व हा दात आणि ओठ यांच्या मधला. मराठीत तो मुळात सैल असल्याने खपून जातो. पवर्ग मात्र खपत नाही. त्याच्या जागी शेजारच्या तवर्गातला भाऊ आणून बसवायचा : प साठी त, ब साठी द, म साठी न. इंग्रजांकडे 'बॉटल ऑफ बीअर'चे 'गॉटल ऑफ गिअर' होते आणि ती त्यांच्याकडे जुनी चेष्टा आहे. मराठीत घोटाळा अधिक घरगुती आहे. मामाचा नाना होतो, बाबांचा दादा होतो. एका वर्णासरशी नातेच बदलते!

यावर उपाय असा की शब्द आधी माणसाने पेरायचा. "तुझे मामा आले होते ना रे?" असे शब्दभ्रमकाराने स्वतःच्या ओठांनी, स्वच्छ विचारले की बाहुल्याचा 'नाना' प्रेक्षक 'मामा' असा ऐकतात. म्हणजे या कलेतला प्रश्न हा नुसता संवादाचा भाग नसतो, तो उत्तराचा अर्धा उच्चार असतो. राजस्थानी कठपुतळीत सूत्रधार तोंडात 'बोली' नावाची शिट्टी धरून बाहुलीला आवाज देतो आणि त्या शिट्टीतले बोल ढोलकीवाली किंवा गाणारी व्यक्ती प्रेक्षकांना उलगडून सांगते. तिथे बाहुली, तिचा आवाज आणि दुभाषा वेगवेगळे; इथे तिन्ही एकाच देहात. पण दुभाष्याची गरज दोन्हीकडे सारखीच.

मराठीत शब्दभ्रम म्हटले की पाध्ये घराण्याचेच नाव निघते आणि ते योग्यच आहे. यशवंत केशव पाध्ये यांनी ही कला इथे रुजवली. १९६७ पासून रामदास पाध्ये यांनी ती रंगमंचावर आणि पुढे दूरदर्शनवर घरोघरी नेली. आता तिसरी पिढी ती करते आहे. त्यांच्या अर्धवटराव या नावाकडे उच्चाराच्या अंगाने पाहा. त्यात पवर्गातला एकही वर्ण नाही. बाहुला स्वतःचे नाव ठणठणीत सांगू शकतो. हे ठरवून झाले असे माझे म्हणणे नाही, पण नाव टिकण्याला त्याची मदत झाली असणार. आवडाबाई या त्याच्या बायकोच्या नावात मात्र 'ब' अडकतो. तिथे आपली जुनी चाल उपयोगी पडते. नवऱ्याने बायकोला 'अगं' म्हणायचे, बायकोने नवऱ्याला 'अहो'. दोन्ही हाकांत ओठ मिटावे लागत नाहीत! नावातली गंमत अर्थाचीही आहे. 'अर्धवट' ही शिवी आणि 'राव' हा मान. मुलांना घरात रोज ज्या शब्दाने हिणवले जाते, तोच शब्द इथे कोट घालून, मानाने खुर्चीवर बसलेल्या माणसासारखा समोर येतो आणि मोठ्या माणसाला उलट बोलतो.

मूल बोलू लागते तेच मुळी ओठांपासून. बाबा, पापा, मामा, मम्मं. बाहुल्याला नेमके तेच जमत नाही, जे माणसाच्या पिल्लाला सर्वांत आधी जमते. पुढे बसलेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाने ही ओळ नुकतीच पार केलेली असते. कुणाचे 'र' आणि 'ळ' अजून व्हायचे असतात, कुणाचे पुढचे दात पडलेले असतात. बोबडे बोलणाऱ्याला दुसऱ्याचा बोबडेपणा सर्वांत आधी ऐकू येतो. त्यामुळे मुले फसतात, मोठे फसत नाहीत, हा समज उलटा असावा. १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी 'नेचर'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ओठ 'ग' म्हणताना दाखवायचे आणि आवाज 'ब'चा ऐकवायचा. बहुतेकांना तिसरेच काही, 'द'सारखे, ऐकू आले. या डोळ्यांच्या भुलाव्याला मुलांपेक्षा प्रौढच जास्त बळी पडले. तो प्रयोग शब्दभ्रमाचा नव्हता, त्याला ओढून ताणून इथे बसवू नये. पण माझ्या भाचीला 'नाना' हा 'नाना'च का ऐकू आला, हे मला त्यातून थोडे समजले.

मग ओठ दिसले, वर्ण चुकला, तरी मूल बाहुल्याशीच का बोलते? कारण त्याला तिथे दोन माणसे दिसतात. शब्दभ्रमकाराची खरी कसोटी बोलण्यात नाही, ऐकण्यात आहे. बाहुला बोलत असताना माणसाने त्याच्याकडे असे पाहायचे, की पुढचे वाक्य आपल्याला ठाऊक नाही. हे फार थोड्यांना येते. हाताचे कौशल्यही ऐकण्याशीच बांधलेले आहे. पाठीतून हात घालून दांडी धरायची, कळीने जबडा उघडायचा, तो लिहिलेल्या अक्षरांवर नव्हे, बोललेल्या ठोक्यांवर. 'अर्धवटराव' लिहिताना सहा अक्षरे, बोलताना ठोके चार. नवशिका सहा वेळा जबडा उघडतो आणि बाहुला चावल्यासारखा दिसतो.

ओठांचा निकष किती पोकळ आहे याचा सर्वांत मोठा पुरावा अमेरिकेत आहे. एडगर बर्गन आणि त्याचा चार्ली मॅकार्थी हा बाहुला १९३७ पासून गाजले ते रेडिओवर! जिथे ओठही दिसत नाहीत आणि बाहुलाही. बर्गनचे ओठ हलतात हे जगजाहीर होते. चार्ली स्वतःच त्यावरून त्याची टर उडवी. ऑस्करवाल्यांनी त्यांचा गौरव केला तो जबडा हलणारी लाकडी मूर्ती देऊन. लोकांना हवे होते ते एका उद्धट पोराचे आणि त्याच्यापुढे हतबल झालेल्या सभ्य गृहस्थाचे भांडण.

आता तक्रारीकडे येतो. गेल्या काही वर्षांत शाळांच्या संमेलनांत, वाचनालयांत, सोसायट्यांच्या गणपतीत मी पाहिलेल्या प्रयोगांत ओठ उत्तम स्थिर होते. बाहुले महागडे होते. आणि ते सगळे मास्तर झाले होते. दात घासा, मोबाइल ठेवा, कचरा डब्यात टाका. एका संमेलनात बाहुल्याने हात धुण्याचे पाठ दिल्यावर पुढच्या रांगेतला मुलगा ओरडला, "तू धुतोस का?" सभागृह हसले. बाहुल्याची बोलायची पाळी होती. पण उत्तर दिले ते शब्दभ्रमकाराने, स्वतःच्या आवाजात : "हो बाळा, तोही धुतो. शांत बसा बरं." त्या क्षणी बाहुला मेला. "लाकडाचे हात आहेत रे, कुजतील ना!" एवढे जरी तो म्हणाला असता (यात पवर्ग नाही, हेही सांगतो), तरी त्या मुलाला आयुष्यभर पुरले असते. संदेश वाईट होता असे नाही. पण दोन्ही तोंडांतून एकच माणूस बोलू लागला की शब्दभ्रम उरत नाही, ओठ कितीही मिटलेले असोत. आपल्या बालरंगभूमीने हा वाद कधीच लढला आहे. १९५९ च्या सुमारास सुधा करमरकरांनी 'लिटल थिएटर' उभे केले, मागोमाग रत्नाकर मतकरींची बालनाट्ये आली आणि नाटकाला उपदेशाच्या तावडीतून सोडवण्याची भाषा रूढ झाली. चेटकिणीला, राक्षसाला खोडकरपणाचा हक्क मिळाला. शब्दभ्रमकाराला मात्र आपण त्या चर्चेत धरलेच नाही. त्याला जादूगाराच्या शेजारी, 'विविध गुणदर्शना'त बसवले.

'झपाटलेला' (१९९३) इथे आठवणारच. तात्या विंचू हा बाहुला रामदास पाध्ये यांनीच घडवला, त्याचा आवाज दिलीप प्रभावळकरांचा. चित्रपट मला आवडतो. पण तात्या विंचूच्या बोलण्यात शब्दभ्रम नाही. बाहुल्यामागचा माणूस काढून टाकला की उरतो एकटाच बोलणारा लाकडी देह, आणि त्या पिढीची पोरे रात्री पांघरूण डोक्यावर घेऊ लागली ती त्यामुळे. घाबरवणारी गोष्ट बाहुल्याचे बोलणे ही नव्हती. अर्धवटरावही बोलतच होता. तिथे कोणी ऐकणारा नव्हता.

चांगला प्रयोग कसा असतो, तेही सांगायला हवे. मागच्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या अंगणात, सत्तरीचा एक हौशी कलावंत पाहिला. बाहुल्याचा रंग उडालेला, म्हाताऱ्याचे ओठ स्पष्ट हलत होते. शेवटी त्याने बाहुल्याला पेटीत घातले, झाकण लावले. या कलेतली ही जुनी करामत : गळा आवळून, जीभ मागे ओढून आवाज कोंदट करायचा. पेटीतून आले, "इथे अंधार आहे." ओठांना न लागणारे तीन शब्द. पोरे गप्प. मग एक मुलगी उभी राहिली : "आजोबा, झाकण उघडा." म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिले, पेटीकडे पाहिले, थोडा विचार केला आणि पेटीवर बसला. अंगणात जो कल्ला झाला, त्यात आतून आणखी काहीतरी ऐकू आले. काय ते मला कळले नाही. मुलांना कळले असावे, कारण ती त्याला उत्तर देत होती.