साथ, भय आणि ‘स्मृतिचित्रे’

प्लेगच्या स्मृती मराठी मनाने दोन प्रकारे जतन केल्या आहेत : संतापाच्या आणि सेवेच्या. 22 जून 1897 रोजी रँडवर झालेला गोळीबार आपणांस आठवतो. त्याच वर्षी 10 मार्चला, रोग्यांची शुश्रूषा करता करता, सावित्रीबाई फुले यांना आलेले मरण आठवते. धारवाडच्या हायस्कुलात मराठी शिकविणारे केशवसुत 7 नोव्हेंबर 1905 रोजी हुबळीस प्लेगनेच गेले आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांची पत्नीही गेली. बदलीच्या गावी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही हकीकत विशेष लागावी. परंतु भ्यालेल्या सामान्य माणसाचे मन या साऱ्यात कोठे आहे? भय कबूल करण्याची आपणांस लाज वाटते, आणि स्वतःविषयी कळवळा म्हणजे रडगाणे, अशी आपली समजूत आहे.

या समजुतीला उत्तर म्हणून मी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’कडे बोट दाखवीन. हे साथीवरचे पुस्तक नव्हे. 1934 पासून भागाभागाने निघालेले ते आत्मचरित्र. (नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराची पहिली ठिणगी 1893 साली राजनांदगावच्या वाटेवर, आगगाडीच्या डब्यात पडली, तेव्हा आम्हां रायपूरकरांना ते तसे शेजारचेच.) 1857 च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली आणि त्यानंतर वडिलांच्या सोवळ्याने उग्र रूप धरले, असे बाई आरंभीच सांगतात. बाजारचा जिन्नस धुतल्यावाचून घरात यावयाचा नाही! एप्रिल 2021 मध्ये रायपुरात टाळेबंदी असताना दुधाच्या पिशव्या आणि भाजी धुणाऱ्या आमच्यापैकी कोणी ही पाने वाचली असती, तर त्यास त्या वृद्धाचे हसू आले नसते.

बाईंना मात्र हसू येते, आणि त्या हसण्यात डंख नाही. वडिलांच्या विक्षिप्तपणाखाली दडलेली धास्ती त्यांना दिसते. पुढे तेच सोवळे त्यांच्या स्वतःच्या अंगी उतरते. ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याकडे परतल्यावरही त्यांनी ते पुष्कळ दिवस वेगळे सांभाळले. हे सांगताना पूर्वीच्या ‘मी’ला त्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाहीत, की तिच्यासाठी टिपेही गाळीत नाहीत. वेडगळ पण जिवाभावाच्या नातेवाइकाविषयी बोलावे, तसे त्या स्वतःविषयी बोलतात. आत्मकरुणा ती हीच. कीव येणारा माणूस स्वतःलाच सर्वांहून दुर्दैवी मानतो. बाई स्वतःला चारचौघींतली एक मानतात.

हा विनोद दुःख टाळण्याची युक्ती आहे, असा आक्षेप घेता येईल. काही ठिकाणी तो खराही आहे. एखाद्या प्रसंगी बाई फार लवकर हसतात असे मला वाटते. पण 1895 मधील टिळकांच्या धर्मांतरानंतरचा आकांत त्यांनी झाकलेला नाही. तेथे हसणे उशिरा येते, म्हणूनच त्यावर विश्वास बसतो.

24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाई वारल्या आणि चौथा भाग अपुरा राहिला. स्वतःच्या अखेरच्या दिवसांकडे त्यांनी याच नजरेने पाहिले असते काय, हे पुस्तकात सापडत नाही.