नकाशा कुणाच्या मेंदूचा?

वय वाढतं तसा कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाह्य थर, पातळ होतो, असे निष्कर्ष आपण नेहमी वाचतो. आज त्यांच्यामागच्या एका निवडीची चिकित्सा करू. वेगवेगळ्या वयांचे मेंदू ज्या टेम्प्लेटवर, म्हणजे संदर्भ-नकाशावर, बसवले जातात, ते कोणतं?

आधी एक गैरसमज दूर करू. फ्रीसर्फरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जाडी टेम्प्लेटवर मोजत नाहीत. ती प्रत्येकाच्या स्वतःच्या एमआरआयवरच मोजली जाते. टेम्प्लेट फक्त सांगतं की याच्या मेंदूतली ही जागा त्याच्या मेंदूत कुठे आहे. मग बिघडतं कुठे? तर बघा, कॉर्टेक्सची जाडी सरासरी अडीच मिलिमीटर. पण वळीच्या माथ्यावर तो जाड असतो आणि खाचेच्या तळाशी पातळ. म्हाताऱ्या मेंदूत खाचा रुंदावलेल्या असतात. जुळणी जराशी घसरली, तर एकाचा माथा दुसऱ्याच्या उताराशी ताडला जातो, आणि आपण त्याला वयाचा परिणाम म्हणतो.

तालेराख यांचा 1988 चा नकाशा एकाच 60 वर्षांच्या स्त्रीच्या मेंदूवरून केलेला होता. एमएनआय 152 मध्ये 152 जण आले, पण बहुतेक तरुण. त्यावर सत्तरीचा मेंदू जास्त ताणावा लागतो. म्हणजे चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही, वयाबरोबर वाढते. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

मग प्रत्येक गटाला त्याचं वेगळं टेम्प्लेट द्यावं का? 2020 मध्ये 6 ते 60 वयासाठी पाच भारतीय टेम्प्लेट्स प्रसिद्ध झाली. त्या-त्या वयोगटाच्या अभ्यासाला ती उपयोगीच आहेत. पण दोन गट दोन नकाशांवर ठेवून थेट तुलना केली, तर समान पत्ताच उरत नाही. ते नकाशे एका सामाईक नकाशाशी जोडावेच लागतात.

आम्हांला बरा वाटतो तो मार्ग असा: सगळ्या वयोगटांतून सारख्या संख्येने मेंदू घेऊन अभ्यासापुरतं एकच टेम्प्लेट करावं. नंतर तेच विश्लेषण दुसऱ्या टेम्प्लेटवरही करून बघावं. निष्कर्ष दोन्हीकडे टिकला, तर त्याचा संबंध वयाशी असण्याची शक्यता वाढते. नाहीसा झाला, तर संशय नकाशावर जातो. तेव्हा पुढचा शोधनिबंध वाचताना रंगीत चित्रांआधी पद्धतीचं पान उघडा. टेम्प्लेट कोणतं, त्यात कोणत्या वयाचे किती जण, हे तिथे नसेल, तर निष्कर्ष जपूनच घ्या.