ताटातली नरोटी

संपादकांनी यंदा 'वर्षातील मराठी गद्य' या विषयावर लिहा म्हणून फर्मावले, तेव्हा मी प्रामाणिकपणे हिशेब मांडला. गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत माझी पुस्तके वाचून झाली नऊ. त्यांतली दोन अर्धवट आणि एक स्नेह्याचे, म्हणजे नाइलाजाने. पण फोनवर जे गद्य वाचले त्याची मोजदाद चित्रगुप्तालाही जमणार नाही. सकाळी चहाच्या आधी दोन लेख, दुपारी वामकुक्षीच्या आत एक, रात्री दिवा मालवताना आणखी एक. शिवाय एकच लेख चार आप्तांकडून चार वेळा. तेव्हा वर्षभरात ज्या गद्याने माझ्यावर खरोखर राज्य केले, त्याचेच परीक्षण करणे न्यायाचे होईल. लोक त्याला 'फॉरवर्ड' म्हणतात. मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले असल्यामुळे मला नामकरणाची खोड आहे. मी त्याला ढकलवाङ्मय म्हणतो.

या वाङ्मयाचे पहिले वैशिष्ट्य असे की त्याचे लेखक मोजके आणि बहुतेक स्वर्गस्थ आहेत. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी, व. पु. काळे २००१ साली, विंदा करंदीकर २०१० साली. पण त्यांचे लेखन थांबलेले नाही. उलट गेल्यापासून त्यांचा हात अधिकच चालू लागला आहे. हयातीत ज्यांनी एकेक ओळ तासून पाहिली, ते आता अधिक महिन्याचे महत्त्व, मधुमेहावरील कारले आणि सुनेने सासूशी कसे वागावे या विषयांवर लिहितात. वपु तर रोज सकाळी सुविचार देतात. पुलंनी परवा मोबाइलच्या वेडावर खुसखुशीत लेख लिहिला. व्हॉट्सअ‍ॅप निघाले २००९ साली. हे नऊ वर्षांचे अंतर कुणाच्या जिवाला खात नाही.

दुसरे वैशिष्ट्य शेवटाचे. ढकलवाङ्मयात शेवट हा लेखाचा नसतो, वाचकाच्या डोळ्यांचा असतो. पाणी आले की लेख संपला. आले नाही तर खाली सूचना असते की पाणी यायला हवे होते. खऱ्या पुलंशी हे ताडून पाहा. 'व्यक्ति आणि वल्ली'ला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातला रत्नागिरीचा अंतू बर्वा आठवा. त्याच्या तिरकस जिभेखाली केवढा एकटेपणा आहे! पण पुलं कुठेही थांबून 'वाचकहो, वृद्धांची विचारपूस करीत जा' असे सांगत नाहीत. खऱ्या पुलंना माणूस दिसतो. नकली पुलंना 'आजकालची माणसे' दिसतात. खरे पुलं बहुधा स्वतःची फजिती सांगतात, नकली पुलं आपली. एवढी खूणगाठ बांधली तरी निम्मे खोटे नाणे वाजवून ओळखता येते.

हे सारे मी मिस्किलपणे पाहत होतो. मग एक दिवस माझ्यावरच प्रसंग आला.

माझी आई १९९८ साली गेली. तिला वाचायचे वेड होते, पण घरात पुस्तके नव्हती. वाण्याकडून हरभऱ्याची डाळ आली की ती डब्यात ओतायची, पुडीचा कागद गुडघ्यावर ठेवून तळहाताने सरळ करायची आणि उभ्याउभ्याच वाचायची. त्यावर कधी भावफलक असे, कधी कुठल्याशा कथेचे मधलेच पान. कथा आवडली तर मला म्हणायची, "जा रे, वाण्याला विचार, याचा पुढचा कागद आहे का." वाणी ओशाळून गठ्ठा पुढे ढकली. पुढचा कागद कधीच मिळाला नाही. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी अशा सतरा घड्या निघाल्या. यावर मी २०११ साली आमच्या गावच्या वाचनालयाच्या स्मरणिकेत दीड पान लिहिले. शेवट असा होता की मी घड्या मोजल्या आणि पुन्हा ट्रंकेत ठेवल्या. बस्स.

२०१९ साली तो लेख माझ्या फोनवर आला. पाठवणारी माझी सख्खी ताई. वर ठळक अक्षरांत 'पु. ल. देशपांडे' आणि खाली ताईचा अभिप्राय: "बघ, पुलंच्या आईलासुद्धा आपल्या आईसारखीच सवय होती हो!"

प्रथम मला काय वाटले ते खरे सांगतो. मला गुदगुल्या झाल्या. माझे दीड पान पुलंच्या नावावर खपते, म्हणजे तीस वर्षे खडू झिजवल्याचे चीज झाले! दुसऱ्या क्षणी शेवट वाचला आणि गुदगुल्या थांबल्या. कुणीतरी परोपकारी माणसाने माझ्या लेखाला शेपूट जोडले होते. त्यात मुलगा आईच्या कागदाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, नागपूरहून एक गृहस्थ कथेचे उरलेले पान पाठवतात, मुलगा ते छापून आईच्या तसबिरीपुढे ठेवतो आणि तसबिरीतली आई हसते. पुढे एक ओळ मोकळी सोडून उपदेश: आई आहे तोवर तिला पुढचे पान वाचून दाखवा. सन २००० साली गेलेल्या पुलंनी हे व्हॉट्सअ‍ॅप वापरले कसे, हा प्रश्न कुणालाच पडला नाही, कारण तोवर सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते.

मी एका वकील मित्राकडे गेलो. त्याने १९५७ चा कॉपीराइट कायदा काढला. माझा हक्क शाबूत आहे, म्हणाला. मी आहे तोवर आणि मी गेल्यावर आणखी साठ वर्षे. पूर्वी हा काळ पन्नास वर्षांचा होता. रवींद्रनाथ १९४१ साली गेले. १९९१ अखेर त्यांचे लेखन मोकळे होणार आणि विश्वभारतीच्या हातून हक्क जाणार, तेव्हा १९९२ साली कायदा बदलून दहा वर्षे वाढवली. त्या दहा वर्षांनी रवींद्रनाथांच्या एका गीताची गोडी वाढली असेल तर मला कळवावे. मराठीपुरते बोलायचे तर १९५० साली गेलेल्या साने गुरुजींचे लेखन २००१ ऐवजी २०११ च्या जानेवारीत मोकळे झाले. त्यानंतर कितीतरी प्रकाशकांनी 'श्यामची आई' काढली. आकाश कोसळले नाही. कागद कुठे बरा, कुठे वाईट. मुखपृष्ठावरची श्यामची आई कुठे सिनेनटीसारखी. पण एकाही प्रकाशकाने साने गुरुजींचे नाव खोडून तिथे दुसऱ्याचे घातल्याचे माझ्या पाहण्यात नाही. छापून विकणाऱ्याला नाव लागते, कारण नावच विकते.

आणि माझ्या बाबतीत? "दावा लावायचा कुणावर? तुझ्या ताईवर?" मित्राने विचारले. मी गप्प बसलो. भाऊबीज तोंडावर होती.

पण मला खरी गंमत पुढे कळली. याच कायद्यात सत्तावन्नावे कलम आहे. पैशाचा हक्क विकून टाकला तरी 'हे मी लिहिले' असे म्हणण्याचा आणि लेखनाच्या मोडतोडीला हरकत घेण्याचा लेखकाचा हक्क उरतो, असे ते सांगते. उत्तम कलम, ज्याने लिहिले त्याला देव सुखी ठेवो. मात्र 'हे मी लिहिलेले नाही' असे म्हणण्याचा हक्क त्यात स्पष्टपणे कुठे नाही. म्हणजे माझ्यावर झालेल्या अन्यायाला थोडीतरी वाट आहे, पण पुलंवर झालेल्या अन्यायाला? इंग्रजांनी १९८८ च्या कायद्यात खोट्या नावाविरुद्धचा हक्क घातला आणि तो मृत्यूनंतर वीस वर्षे चालू ठेवला. त्या मापानेही पुलंची मुदत २०२० साली संपली. उलट आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने डिजिटल कुलपे फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. कायद्याची सारी नजर आहे ती नक्कल करणाऱ्यावर. नक्कल करणाऱ्याने मराठी वाङ्मयाचे आजवर काय वाईट केले, हे मला कुणी सांगावे! आपले अर्धे जुने साहित्य नकलकारांच्या बोटांमुळे वाचले. तुकोबांचे अभंग उतरून घेणाऱ्या संताजी जगनाड्यांकडे कुणी परवानगीचा कागद मागितला नाही.

नक्कल हा आपला रोग नव्हेच. आपला जुना रोग भर घालण्याचा. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, निरनिराळ्या पोथ्या ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती याच रोगापायी. तीनशे वर्षांत भाविकांनी प्रेमापोटी त्यात स्वतःच्या ओव्या मिसळल्या होत्या. प्रेमापोटी, हे विसरू नये; माझ्या लेखाला शेपूट लावणारादेखील दुष्ट नसावा. नाथांनी काम संपवून शेवटी बजावले की या ग्रंथात जो कुणी स्वतःची ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. यात दंड नाही, कैद नाही, हक्क राखून ठेवल्याची भाषाही नाही. उतरून घ्यायला नाथांची हरकत नव्हतीच. नारळाची रिकामी करवंटी तेवढी ताटात नको होती. पुढे १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाछापावर काढली, आणि मग ती घरोघर पोचायला वाट मोकळी झाली.

आणखी एक युक्ती आपल्या संतांना ठाऊक होती. फोनवर लेखकाचे नाव गळते कसे, ते मी मास्तरी पद्धतीने तपासले. नाव असते तळाशी. लांब मजकूर 'पुढे वाचा' म्हणून मध्येच दुमडतो, उचलणारा बोटाने निम्मा उचलतो, तळ तुटतो. मग हे अनाथ पोर रस्त्यावर दिसले की कुणीतरी दयाळू माणूस त्याला मोठ्या घराण्याचे नाव देतो. आता अभंग पाहा. 'तुका म्हणे' हे तळाशी चिकटवलेले नाव नाही, ते शेवटच्या चरणात विणलेले आहे. ते काढले तर छंद लंगडा होतो आणि वारीतली आजीबाईसुद्धा मागे वळून पाहते. नाथांनी तर 'एका जनार्दनी' म्हणून आपल्या नावात गुरूलाही बांधून घेतले. माझ्या मते असे कुलूप अजून कुठल्या कंपनीला जमलेले नाही: नक्कल हवी तितकी करा, पण नाव बरोबर न्यावेच लागेल.

अर्थात याही कुलपाला किल्ली होतीच. नाव पुसता येत नसे, पण दुसऱ्याचे नाव विणता येई. नामदेवांच्या गाथेत पुढच्या काळातल्या विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले, ते निवडता निवडता पंडितांचे चष्मे बदलले. तुकोबांची गाथा १८६९ साली सरकारी खर्चाने छापायला घेतली, तेव्हाही संपादकांपुढे पोथ्यांचा ढीग आणि हाच घोळ. पण निदान ढीग होता. जुनी पोथी पुढे ठेवून, ही ओवी इथे नव्हती, असे दाखवता येत होते. ढकलवाङ्मयात जुनी पोथी कुठली? कंपनीने २०१८ साली भारतात एका वेळी पाचच ठिकाणी ढकलण्याची मर्यादा घातली, २०२० साली फार फिरलेल्या मजकुराला एकाच ठिकाणी. वेग थोडा कमी झाला असेल. पण 'अनेकदा फॉरवर्ड केलेले' हा शिक्का लोक नाटकाच्या शतकमहोत्सवी प्रयोगासारखा वाचतात. शिवाय आता वाटेल त्याच्या शैलीत लिहून देणारी यंत्रे आली आहेत. ती शिकतात याच उकिरड्यावर आणि याच बागेत, दोन्हीकडे सारख्याच भक्तिभावाने. माझे शेपूट त्यांनी पुलंचे म्हणून गिळले असल्यास नवल नाही.

ताईला मी सांगितले, तो लेख माझा. तिने स्मरणिका मागितली. मी माझी एकुलती एक प्रत नेऊन दाखवली. तिने चष्मा लावून दीड पान दोनदा वाचले आणि म्हणाली, "अरे, मग शेवट का काढून टाकलास?"

"मी काढला नाही, ताई. तो नव्हताच."

"असं कसं? तू आईच्या तसबिरीपुढे कागद ठेवला होतास की. मला चांगलं आठवतंय."

मी वाद घातला नाही. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि आईची आठवण तिला माझ्यापेक्षा सहा वर्षांनी अधिक. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. पुलंचे काय, ते मोठे आहेत, त्यांची पुस्तके कपाटात आहेत. कुणीही काढून ताडून पाहील. माझ्या आईची मात्र ताडून पाहण्यासारखी एकच प्रत होती. ती आम्हा दोघा भावंडांच्या डोक्यात निम्मी निम्मी, आणि त्यातल्या एका निम्म्यात आता नागपूरचे गृहस्थ येऊन बसले होते.

गेल्या दिवाळीत भाची आली. फराळ झाल्यावर मागे लागली, "मामा, आजीचा तो कागद दाखव ना, पुलंच्या गोष्टीतला." मी ट्रंक उघडली. सतरा घड्यांतली वरची काढून तिच्या हातात दिली. कागदाला अजून हिंगाचा वास होता. तिने तो गुडघ्यावर ठेवून तळहाताने सरळ केला, मन लावून वाचला, उलटून पाहिला. मागच्या बाजूला १९७१ चे भुईमुगाचे भाव होते.

"मामा," ती म्हणाली, "याच्या पुढचं कुठंय?"