शून्याच्या दोन्ही बाजूंना

अमेरिकेतल्या विधी प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे एलसॅटचा, एक छोटा तुकडा बॉक आणि लीबरमन यांनी १९७० साली अभ्यासाला घेतला. १००० परीक्षार्थी, ५ प्रश्न, उत्तर बरोबर किंवा चूक. प्रश्नप्रतिसादाच्या मॉडेलांचा रियाज आजही याच आकड्यांवर चालतो. स्टॅन या सॉफ्टवेअरमध्ये बेझियन पद्धतीने मॉडेल मांडून चार साखळ्या, म्हणजे नमुने घेत जाणाऱ्या चार स्वतंत्र फेऱ्या, सोडल्या की आधी पाहायचा तो ट्रेस प्लॉट, म्हणजे प्रत्येक साखळीने पायरीपायरीने घेतलेल्या किमतींचा आलेख.

बहुतेक जण त्यात ‘केसाळ सुरवंट’ शोधतात. नीट मिसळलेल्या साखळ्यांच्या दाट, सपाट रेघेला या क्षेत्रात तसंच म्हणतात. सुरवंट दिसला की पान उलटायचं. मला गोडी आहे ती बिघडलेल्या चित्राची.

प्रश्नाची भेदनक्षमता, म्हणजे हुशार आणि कच्चे परीक्षार्थी वेगळे करण्याची त्याची ताकद, धनच असावी, ही अट मुद्दाम काढून टाका. आता साखळ्यांत फूट पडू शकते. काही शून्याच्या वर, काही तितक्याच अंतरावर खाली, आणि प्रत्येक पट्टा आपल्या जागी नितळ. यातली एकही साखळी चुकलेली नाही! परीक्षार्थीची क्षमता आणि प्रश्नाची भेदनक्षमता यांचा मॉडेलमध्ये गुणाकार होतो. दोघींची चिन्हं उलटली तरी गुणाकार तोच. एका साखळीने हुशारी धन बाजूला मोजली, दुसरीने ऋण बाजूला, एवढंच. शेजारच्या चौकटीत त्याच प्रश्नाच्या सोपेपणाचा ट्रेस पाहावा. तिथे चारही साखळ्या एकजीव, कारण सोपेपणा गुणाकाराच्या बाहेर आहे. दुखणं कुठे आहे आणि कुठे नाही, हे दोन चौकटी मिळून सांगतात.

साखळ्या एकमेकींशी किती जुळतात ते मोजणारा, गेलमन आणि रुबिन यांच्या १९९२ च्या लेखातून रूढ झालेला आर-हॅट इथे १.०१ ची आजची मर्यादा केव्हाच ओलांडतो. पण साखळ्यांचं जमत नाही एवढंच तो सांगतो. का जमत नाही, ते नाही. आणि नुसती सरासरी वाचणाऱ्याला भेदनक्षमता शून्याजवळ दिसून पाचही प्रश्न निकामी वाटतील.

धन अट परत घातली की पट्टे एक होतात आणि पाळी येते भाकिताच्या पडताळणीची. बेझप्लॉट या आलेख काढणाऱ्या पॅकेजमध्ये खऱ्या गुणांचे फिके स्तंभ: शून्य गुणांचे ३ जण, मग २०, ८५, २३७, ३५७ आणि पैकीच्या पैकी २९८. त्यांच्या माथ्यावर मॉडेलने रचलेल्या निकालांचे ठिपके. देखणं चित्र, पण जरा मवाळ परीक्षक. पाचही प्रश्नांना एकच भेदनक्षमता देणारं मॉडेलही इथे सहज पास होतं. प्रश्नांच्या १० जोड्या एकेक करून तपासणारं चित्र जास्त कडक. माझं मत त्यालाच.

शेवटी परीक्षार्थींच्या क्षमतांच्या अंदाजातली अनिश्चितता दाखवणाऱ्या आडव्या रेघा. पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या २९८ जणांच्या रेघा जवळजवळ एकसारख्या, आणि चांगल्याच लांब. त्यांच्यात डावं-उजवं करील असा अवघड प्रश्नच परीक्षेत नव्हता. सगळ्यांत अवघड तो तिसरा, आणि तोही ५५३ जणांनी सोडवला होता.