कच्चं लिंबू आणि चाळीस जणांची मोहीम

आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं ऑनलाइन खेळांवर काय बोलावं? पण खेळ कठीण किती असावा आणि कुणासाठी सोपा करावा, हा मुळात न्यायाचा प्रश्न आहे. म्हणून आम्ही त्यात नाक खुपसतो आहोत.

लहानपणी लपंडाव किंवा डबा ऐसपैस खेळताना एखादं धाकटं भावंड मध्ये घुसायचं. त्याला 'कच्चं लिंबू' म्हणायचं. ते सापडलं तरी त्याच्यावर राज्य येत नसे. आता बघा, ही सवलत दिली कुणी? बरोबर खेळणाऱ्यांनी. आणि त्या पोराच्या मनात एकच असायचं : आपण पक्के कधी होणार? हे चित्र लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या खेळांत शिरताना आधी क्लास निवडावा लागतो. क्लास म्हणजे आपल्या पात्राचा पेशा : योद्धा, मांत्रिक, जखमा भरून काढणारा पुरोहित वगैरे. १९९९ साली अमेरिकेत 'एव्हरक्वेस्ट' आला. त्यात योद्ध्याला एकट्यानं फार पुढे जाता येत नसे. प्रेतं उठवणाऱ्या मांत्रिकाला मात्र ते सहज जमे. पॅलाडिनसारख्या मिश्र पेशांना तर सुरुवातीच्या काळात तेवढीच पातळी गाठायला जास्त अनुभव कमवावा लागे. मेलात तर कमावलेला अनुभव घटायचा, आणि सामान प्रेताजवळ राहायचं, ते आणायला परत जा! म्हणजे काय, तर पहिल्या दिवशी, काही कळत नसताना केलेली निवड पुढचे कित्येक महिने तुमच्या मानगुटीवर बसायची.

नोव्हेंबर २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि त्यानं हे बदललं. कुठलाही पेशा घ्या, एकट्यानं साठाव्या पातळीपर्यंत जाता येतं. फुरसतीनं खेळणाऱ्यांना दार उघडलं. साठाव्या पातळीनंतर मात्र 'मोल्टन कोअर'सारख्या चाळीस जणांच्या मोहिमा होत्या. गंमत अशी, की तिथं एकेकट्याचं काम फारसं अवघड नव्हतं. बऱ्याच पेशांना दोन-तीन कळा आलटूनपालटून दाबल्या की पुरे. अवघड होतं ते चाळीस माणसं एकाच संध्याकाळी जमवणं आणि तासन्‌तास टिकवणं. ज्यांनी गावात हौशी नाटक बसवलंय त्यांना याहून जास्त सांगायला नको.

पुढे मोहिमा पंचवीस आणि दहा जणांच्या झाल्या. डिसेंबर २००९ मध्ये संगणक आपोआप पाच जणांचा गट जुळवून द्यायला लागला. २०११ अखेरीस मोठ्या मोहिमांचीही सोपी आवृत्ती अशीच मिळू लागली. याच काळात पेशे चालवणं मात्र गुंतागुंतीचं होत गेलं : कळा वाढल्या, कोणती कधी दाबायची याचं गणित वाढलं. काठिण्य गेलं नाही, त्यानं जागा बदलली. माणसं जमवण्यातून ते बोटांत आणि नजरेत आलं.

जुने खेळाडू म्हणतात, 'कॅज्युअल लोकांनी खेळाची वाट लावली.' आम्हाला हे पटत नाही. कॅज्युअल या शब्दात दोन गोष्टींची गल्लत होते : वेळ कमी असणं आणि कौशल्य कमी असणं. रात्रपाळी करून आलेली परिचारिका तासभरच खेळेल, पण उत्तम खेळेल. जुन्या मोहिमांनी परीक्षा घेतली ती बरीचशी मोकळ्या वेळाची. पुरावा हवा? ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीनं जुना खेळ पुन्हा सुरू केला. मूळ खेळात मोल्टन कोअरचा शेवटचा शत्रू रॅग्नारोस पडायला महिने लागले होते. या वेळी तो आठवड्याच्या आत पडला. शत्रू तोच. खेळणाऱ्यांचं अज्ञान मात्र गेलं होतं. तेव्हा मोकळ्या वेळाला कर्तबगारी म्हणू नये.

पण याला दुसरी बाजू आहे. अ‍ॅलिस्डेअर मॅकिंटायर यांनी 'आफ्टर व्हर्च्यू'मध्ये, १९८१ साली, एका मुलाचं उदाहरण दिलं. खाऊच्या लालचेनं बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलाला फसवणूक न करण्याचं काही कारणच नसतं. खेळाच्या आतलं सुख कळलं, की मगच फसवणं म्हणजे स्वतःचंच नुकसान ठरतं. सोप्या मोहिमेत बक्षीस मिळतं, कथा कळते. पण आतलं सुख अडचणीशी झगडल्याशिवाय मिळत नाही.

आणि आमची खरी तक्रार इथं आहे. संगणकानं जुळवलेल्या गटात पाच अनोळखी माणसं येतात, बहुधा शब्दही न बोलता काम उरकतात. नवखा रेंगाळला तर मत घेऊन त्याला काढता येतं. प्रवेश जितका सोपा, तितका नवख्यासाठी धीर कमी! जानेवारी २०२४ पासून तर सोबतीलाही संगणकाचीच पात्रं घेता येतात. कच्च्या लिंबाला सवलत मिळते, पण ती आता कंपनी देते, सवंगडी देत नाहीत. मग पक्कं कुणासाठी व्हायचं?

जून २०२५ मध्ये आणखी एक सोय आली : एकच कळ दाबत राहा, पुढची चाल खेळ निवडेल, बदल्यात वेग थोडा कमी. कट्टर खेळाडूंनी नाकं मुरडली तरी आम्ही तिचं स्वागत करतो. सवलत उघड आहे, तिची किंमत उघड आहे, आणि ज्यांचे हात दुखतात, थरथरतात त्यांना खेळात जागा मिळते.

आमच्या नातवानं आम्हाला शिकारी हा पेशा घ्यायला लावला. 'आजोबा, तुम्ही मागे राहा, तुमचं अस्वल लढेल,' असं तो सांगायचा. आम्ही वाट चुकलो की पुढे गेलेला तो मागे यायचा. खेळ बनवणाऱ्यांकडे आमचं मागणं एवढंच : कळा हव्या तेवढ्या सोप्या करा, पण कुणीतरी कुणासाठी थांबावं लागेल, अशी जागा खेळात राहू द्या.

इथे थांबतो. प्रश्न जरूर विचारा.