दडलेल्या अर्बुदांचा शोध : एक चिकित्सा

अस्थिमृदुतेच्या एका दुर्मिळ प्रकारात रोगाचे मूळ हाडांत नसते. देहाच्या भलत्याच कोपऱ्यात दडलेल्या लहानशा अर्बुदात असते. हे अर्बुद एफजीएफ-२३ नावाचे संप्रेरक स्रवते. त्यामुळे मूत्रावाटे फॉस्फेट वाहून जाते आणि हाडे मऊ पडून मोडतात. अर्बुद सापडून समूळ काढता आले, तर रोगी बरा होतो. ते शोधावे कसे, या प्रश्नावर परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील अंतःस्रावशास्त्राच्या अभ्यासकांनी २०१४ साली नऊ रुग्णांवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला. पेशींची ग्लुकोजची ओढ दाखविणाऱ्या एफडीजी-चित्रणापेक्षा सोमॅटोस्टॅटिन-ग्राहकांचा वेध घेणारे चित्रण अधिक उपयुक्त, हा त्यातील निष्कर्ष होय.

या निष्कर्षाचे मोल निर्विवाद आहे. तथापि ‘कार्यदर्शी चित्रण’ या संज्ञेने वाचकाचा जो गैरसमज होतो, त्याची चिकित्सा अवश्य आहे. गॅलियम-६८ जोडलेले डोटाटेट संप्रेरकाचा स्राव दाखवीत नाही. पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक तेवढे दाखविते. भरून येणाऱ्या अस्थिभंगाच्या जागीही ते साचते, आणि या रोग्यांत अस्थिभंग तर अनेक असतात. उलट, इन्सुलिन स्रवणाऱ्या कित्येक अर्बुदांत हे ग्राहक विरळ असतात. तेथे जीएलपी-१ ग्राहकांना चिकटणारे एक्सेंडिन अधिक फलदायी ठरते. सारांश, प्रतिमेतील ठिपका हा पुरावा नव्हे, संकेत होय.

दुसरा मुद्दा क्षेत्राचा. कर्करोगासाठी रूढ असलेले पेट-चित्रण बहुधा कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंतच होते. प्रस्तुत अर्बुदे मात्र पावलात, गुडघ्याजवळ किंवा नाकालगतच्या पोकळ्यांतही दडतात. मस्तकापासून पायाच्या बोटांपर्यंत न पाहता ‘अर्बुद नाही’ असा निर्णय देणे अशास्त्रीय ठरेल. शिवाय ज्यांत अर्बुद अखेरपर्यंत सापडतच नाही, त्यांची गणना कशी करावी, हा प्रश्न नऊ रुग्णांच्या मालिकेने सुटणारा नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट चित्रणाच्या अलीकडची आहे. महापे येथील कारखान्यात राबणाऱ्या एखाद्या कामगाराची हाडे वर्षानुवर्षे दुखत राहिली, तर ते दुखणे कष्टाचे किंवा संधिवाताचे मानले जाणे सहज शक्य आहे. रक्तातील फॉस्फेटची साधी, स्वल्पखर्चाची तपासणी कोणी केलीच नाही, तर उत्तमोत्तम यंत्रही त्याच्या उपयोगी पडणार नाही. अर्बुद कोठे आहे, हे यंत्र सांगू शकेल. ते शोधावयास हवे, हे मात्र वैद्यालाच ओळखावे लागते.